अफूचे बळ तराजूत तोलणारा औषधविक्रेता

गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आता पूर्वीसारखे दिवसचे दिवस खाटेवर निजवून ठेवत नाहीत. बहुतेक रुग्णालयांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वॉकर धरून उभे करतात, चार पावले चालवतात, गुडघा वाकवायला लावतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके कापून तेथे धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसवलेला असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांतील ती वेदना मोठी असते आणि ती आवरली नाही तर चालणेही होत नाही, वाकवणेही होत नाही. सांधा आखडतो आणि शस्त्रक्रियेचा हेतूच फसतो. म्हणून भूलतज्ज्ञ रुग्णाच्या कागदावर काही आकडे लिहितो. मॉर्फिन इतके मिलिग्रॅम. ते मानवत नसेल तर ट्रामाडॉल इतके. फेंटानिल असेल तर मिलिग्रॅमही नव्हे, मायक्रोग्रॅम. एका औषधाच्या जागी दुसरे हिशेबाने देता येते, याचे आज कोणालाच नवल वाटत नाही.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी असा हिशेब मांडणे जगातील कोणत्याही वैद्याला शक्य नव्हते. तो ज्याच्यामुळे शक्य झाला तो वैद्य नव्हता, प्राध्यापक नव्हता. विद्यापीठाची पायरीही तो चढलेला नव्हता. जर्मनीतील पाडरबोर्न नावाच्या लहानशा शहरात, एका औषधालयात खलबत्ता हाती धरणारा विशीतला नोकर होता तो. त्याचे नाव फ्रिडरिश विल्हेल्म आडाम झेर्ट्युर्नर.

त्याचा जन्म १९ जून १७८३ रोजी पाडरबोर्नजवळच्या नॉयहाउस या गावी झाला. पाडरबोर्नचा मुलूख तेव्हा तेथील बिशपच्याच सत्तेखाली होता आणि नॉयहाउस येथे त्या बिशपचा वाडा होता. फ्रिडरिशचे वडील मूळचे ऑस्ट्रियाचे. बिशपच्या पदरी ते भूमापक व अभियंता म्हणून चाकरी करीत. मुलाने आपल्यासारखेच शिकून अभियंता व्हावे असे त्यांना वाटत असेल तर त्यात नवल नाही. पण १७९८ मध्ये ते वारले आणि पंधरा वर्षांच्या मुलापुढे पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी तो पाडरबोर्नच्या दरबारी औषधालयात, क्रामर यांच्याकडे, उमेदवारीला लागला. मुळ्या कुटणे, काढे उकळणे, अर्क गाळणे, बरण्यांवर चिठ्ठ्या डकवणे अशी कामे उमेदवाराच्या वाट्याला येत. चार वर्षांनी, १८०३ मध्ये, त्याने औषधालयातील सहायकाची परीक्षा दिली आणि त्याच दुकानात तो पुढेही राहिला.

दुकानातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत बेभरवशाची जिन्नस म्हणजे अफू. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडून जो चीक गळतो तो वाळवला की अफू होते. वेदनेवर, खोकल्यावर, जुलाबावर आणि निद्रानाशावर त्या काळच्या वैद्यांचा खरा आधार तीच. अफू मद्यात विरघळवून केलेले लॉडनम घरोघरी असे. पण तुर्कस्तानची अफू वेगळी, इजिप्तची वेगळी, हिंदुस्थानची वेगळी. पीक ओले होते की वाळलेले, व्यापाऱ्याने तीत किती भेसळ केली, यावर तिचे बळ ठरे. त्यामुळे एका बरणीतील वीस थेंबांनी रुग्ण तळमळतच राहावा आणि दुसऱ्या बरणीतील तेवढ्याच थेंबांनी तो झोपला तो पुन्हा न उठावा, असे प्रकार घडत. यात वैद्याचा हात चुकलेला नसे. ज्या वस्तूचे बळ ठाऊक नाही तिचे माप घेऊन उपयोग काय? मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. तेथेही कोड्याचे स्वरूप हेच होते आणि ते विसाव्या शतकापर्यंत टिकले.

तरुण झेर्ट्युर्नर यांनी या कोड्याला हात घातला तो १८०४ च्या सुमारास. दुकानातले काम उरकल्यावर, दुकानातल्याच भांड्यांनी. अफूचा पाण्यातील अर्क लिटमसला तांबडे करतो हे पाहून त्यांनी त्यातील एक नवे आम्ल ओळखले. त्याला पुढे मेकॉनिक आम्ल हे नाव मिळाले. मग त्या अर्कात त्यांनी अमोनिया घातला. आम्लता जाताच भांड्याच्या तळाशी स्फटिक जमू लागले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नव्हते, आम्लात आणि मद्यार्कात मात्र विरघळत होते. हे स्फटिक त्यांनी कुत्र्यांना दिले; कुत्री गुंगली, झोपली. स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला अर्क दिला, तेव्हा तसे काही झाले नाही. अफूची सारी करामत या स्फटिकांत आहे, हे त्यावरून उघड झाले. त्यांनी या द्रव्याला प्रथम निद्रातत्त्व अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले.

यातली खरी धिटाई स्फटिक मिळवण्यात नव्हती. वनस्पतींतील गुणकारी द्रव्ये आम्लधर्मी किंवा उदासीन असतात अशी त्या वेळच्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. हे द्रव्य अल्कधर्मी आहे, आम्लांशी संयोग पावून लवणे बनवते, असे हा दुकानातला नोकर म्हणत होता. एरफुर्टचे ट्रॉम्सडोर्फ हे औषधशास्त्राचे नियतकालिक चालवीत. त्यांनी हे लेखन छापले, पण विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही. प्रयोग घाईचे आहेत, वर्णन अपुरे आहे, असा एकंदर सूर होता. त्यात थोडे तथ्यही होते, हे मान्य केले पाहिजे. झेर्ट्युर्नर शोधक बुद्धीचे खरे, पण शिस्तीने लिहिणारे नव्हते.

फ्रान्समध्येही याच वाटेवर दोघे चालत होते. पॅरिसचे औषधविक्रेते देरोन यांनी १८०३ मध्ये अफूतून एक स्फटिकरूप लवण काढले. परंतु ते मुख्यतः नार्कोटीन होते, ज्याने झोपही येत नाही आणि वेदनाही थांबत नाही. सेगँ यांनी १८०४ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, पण तो छापून यायला १८१४ साल उजाडले. पुढे हा शोध कोणाचा यावरून वाद झाला, तो याच कारणाने.

१८०६ मध्ये झेर्ट्युर्नर पाडरबोर्न सोडून आइनबेक येथे गेले. बिअरसाठी नावाजलेल्या या गावात ते नगर-औषधालयात सहायक झाले. नेपोलियनच्या फौजांनी तोवर जर्मनीची घडी विस्कटली होती. फ्रेंच अमलात व्यवसायावरची जुनी बंधने सैल झाली आणि त्याचा लाभ घेऊन त्यांनी १८०९ मध्ये आइनबेकमध्येच स्वतःचे औषधालय थाटले. नेपोलियन पडला, जुने राज्यकर्ते परतले आणि त्यांच्याबरोबर जुने हक्कही परतले. गावात दुसऱ्या औषधालयाला जागा नाही, अशी तक्रार उभी राहिली. हा झगडा काही वर्षे चालला आणि तो झेर्ट्युर्नर यांच्या विरुद्ध गेला. अफूचे काम यामध्ये बाजूला पडले होते. पण ज्या काळात पायाखालचे दुकान हलत होते, त्याच काळात ते पुन्हा त्या स्फटिकांकडे वळले.

या वेळी त्यांनी माणसांवर प्रयोग केला, आणि पहिला माणूस ते स्वतः होते. बरोबर तीन तरुण घेतले. त्यांतील एकाचेही वय सतरापेक्षा अधिक नव्हते. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने असा प्रयोग क्षणभरही खपवून घेतला नसता. प्रत्येकाने अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, आपल्याकडच्या मापाने पाव गुंज, स्फटिक मद्यार्कात विरघळवून घेतले. चेहरे लाल झाले, अंग तापल्यासारखे वाटले. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच घेतले. मळमळ सुरू झाली, डोके गरगरू लागले. आणखी पाव तासाने तिसरा अर्धा ग्रेन. पाऊण तासात सुमारे ९० मिलिग्रॅम मॉर्फिन पोटात गेले होते. ज्याला अफूवर्गीय औषधांची सवय नाही अशा माणसाला हे प्रमाण जिवावर बेतू शकते. पोटात कळा आल्या, शुद्ध हरपू लागली. झेर्ट्युर्नर आडवे झाले आणि स्वप्नासारख्या गुंगीत गेले. तरीही त्यांना धोक्याची जाणीव झाली आणि त्यांनी सर्वांना तीव्र व्हिनेगर पाजून ओकाऱ्या करवल्या. चौघेही वाचले, डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणे आणि बद्धकोष्ठ ही लक्षणे मात्र पुढे काही दिवस रेंगाळली.

त्या अविचारी प्रयोगातून एक गोष्ट पदरात पडली. अफूवर्गीय औषधाचा तोलून घेतलेला डोस आणि त्यापुढील माणसाची अवस्था यांची अशी सांगड यापूर्वी कोणी घातली नव्हती. इतक्या वजनाला इतका परिणाम, ही भाषा येथून सुरू झाली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज रुग्णांना जे त्रास हमखास होतात, मळमळ, गरगर, गुंगी आणि नंतरची बद्धकोष्ठता, ते सारे त्या एका दुपारच्या टिपणात नोंदलेले आहेत.

१८१७ मध्ये गिल्बर्ट यांच्या पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकात हे सर्व प्रसिद्ध झाले. निद्रातत्त्वाचे नाव बदलून त्यांनी आता मॉर्फियम असे ठेवले, ग्रीकांचा स्वप्नदेव मॉर्फियस याच्यावरून. या वेळी योग्य माणसाची नजर त्या लेखावर पडली. पॅरिसचे गे-ल्युसॅक हे त्या काळातील अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी लेखाचे फ्रेंच भाषांतर छापले, रोबिके यांच्याकडून प्रयोग पडताळून घेतले आणि अशा अल्कधर्मी द्रव्यांचा एक मोठा वर्ग वनस्पतींत दडलेला असणार हे ओळखले. मॉर्फियमचे मॉर्फिन झाले ते या फ्रेंच प्रथेमुळे. पुढच्या तीन-चार वर्षांत स्ट्रिक्निन, क्विनीन, कॅफीन अशी द्रव्ये एकामागून एक हाती आली आणि या वर्गाला अल्कलॉइड हे नाव पडले. हिवतापाने जर्जर झालेल्या हिंदुस्थानात क्विनीनने जे केले ते वेगळे सांगायला नको. त्या वाटेवरचा पहिला दिवा पाडरबोर्नच्या औषधालयात लागला होता.

त्याच वर्षी येना विद्यापीठाने झेर्ट्युर्नर यांना डॉक्टर ही पदवी दिली. तरी प्रतिष्ठित वर्तुळात त्यांचे बस्तान बसले नाही. फ्रान्समध्ये वोक्लँ यांनी सेगँ यांच्या बाजूने हक्क मांडला. अखेर १८३१ मध्ये पॅरिसच्या त्याच विद्वत्सभेने झेर्ट्युर्नर यांना दोन हजार फ्रँकचे पारितोषिक दिले आणि वाद मिटला. तोवर डार्मश्टाट येथील मेर्क या औषधविक्रेत्याने मॉर्फिनचे व्यापारी उत्पादन सुरू करूनही चार वर्षे लोटली होती.

शुद्ध मॉर्फिनने पुढे काय घडवले, हे बहुतांशी झेर्ट्युर्नर यांच्या हयातीपलीकडचे आहे; पण ते पाहिल्याखेरीज त्यांच्या कामाचे मोल कळत नाही. १८३२ मध्ये रोबिके यांनी अफूतूनच कोडीन काढले. १८५३ च्या सुमारास टोचणीची सुई आली आणि मॉर्फिन थेट शरीरात जाऊ लागले. मॉर्फिनपासूनच बनवलेले हेरॉइन १८९८ मध्ये खोकल्याचे निर्धोक औषध म्हणून बाजारात आले, ही औषधशास्त्रातील एक मोठी फसगत. १९१६ मध्ये ऑक्सिकोडोन, १९३९ मध्ये पेथिडीन, १९६० मध्ये बेल्जियमचे पॉल यान्सेन यांचे फेंटानिल, साठीच्याच दशकात जर्मनीत ट्रामाडॉल. प्रत्येक नवे औषध मॉर्फिनपेक्षा सरस म्हणून पुढे आले आणि प्रत्येकाला मॉर्फिनच्याच तराजूत बसावे लागले.

ते तोलणे सोपे नव्हते, कारण वेदना मोजायचे यंत्र नाही; ती रुग्णालाच विचारावी लागते. १९५४ मध्ये अमेरिकेत लसान्या आणि बीचर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना मॉर्फिनचे निरनिराळे डोस देऊन पाहिले. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाला १० मिलिग्रॅमचे इंजेक्शन हे योग्य प्रमाण ठरले. त्यापुढे आराम फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो, असे दिसले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रेमंड हाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांमध्ये अन्य औषधांची या १० मिलिग्रॅमशी काळजीपूर्वक तुलना केली. आजचे समतुल्य डोसांचे तक्ते या कामातून वाढले आहेत.

त्या तक्त्यांप्रमाणे १० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या इंजेक्शनाएवढा आराम तोंडावाटे मिळवायचा तर सुमारे ३० मिलिग्रॅम लागते, कारण उरलेले यकृतात वाटेतच खर्ची पडते. फेंटानिल शंभरपट तीव्र आहे. १०० मायक्रोग्रॅमच पुरे. तोंडावाटे घेतलेले ऑक्सिकोडोन मॉर्फिनच्या दीडपट, तर कोडीन साधारण दहाव्या हिश्शाचे. ट्रामाडॉल दहाव्या ते पाचव्या हिश्शात कोठेतरी बसते. मात्र शंभरपट तीव्र म्हणजे शंभरपट चांगले असा अर्थ काढणे ही मोठी चूक ठरेल. समतुल्य डोस दिले तर वेदना कमी करण्यात या औषधांमध्ये फारसा फरक उरत नाही. फरक असतो तो त्रासांत आणि माणसामाणसांत. कोडीन व ट्रामाडॉल यांचे यकृतातील एका विकराने रूपांतर व्हावे लागते. काहींच्या शरीरात तो विकर जवळजवळ नसतो, त्यांना या गोळ्यांचा नीट गुण येत नाही. काहींच्यात तो अतिवेगाने चालतो, त्यांना साधा डोसही जड होतो. ट्रामाडॉलने फेफऱ्याचा धोका वाढतो आणि नैराश्यावरील काही औषधांशी त्याचे जमत नाही. मूत्रपिंडे दुबळी असतील तर मॉर्फिनपासून शरीरात तयार झालेली द्रव्ये साठून राहतात आणि गुंगी लांबते. सांधेरोपणाला येणाऱ्या सत्तरीच्या माणसात ही शक्यता लहान नसते. फेंटानिलची त्वचेवर चिकटवायची पट्टी तर अशा ताज्या वेदनेसाठी वापरूच नये, कारण ती सावकाश चढते, सावकाश उतरते आणि सवय नसलेल्या रुग्णाचा श्वास मंदावू शकते.

म्हणून गुडघ्याच्या रुग्णाला आज केवळ अफूच्या वंशजांवर सोपवत नाहीत. पॅरासिटामॉल, मूत्रपिंड व जठर साथ देत असतील तर सूज उतरवणारी औषधे, मांडीतील चेतातंतू बधिर करणारे इंजेक्शन आणि सांध्याभोवती भरलेले बधिरीकरणाचे द्रव्य हे सर्व आधी येते; उरलेल्या वेदनेपुरते मॉर्फिन वा त्याचे भाऊबंद, तेही मोजक्या दिवसांसाठी. अमेरिकेत १९९६ पासून लांब पल्ल्याच्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या आणि व्यसनाची भीषण साथ पसरली. भारताची तऱ्हा अगदी उलटी. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया करणारा हा देश. पण १९८५ च्या कायद्यातील कडक परवान्यांमुळे कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही वाट थोडी मोकळी करावी लागली. जे द्रव्य तोलून देण्याची सोय दोनशे वर्षांपूर्वी झाली, ते एका देशात बेसुमार आणि दुसऱ्यात मिळेनासे.

ज्याने ही सोय केली त्याचे पुढचे आयुष्य सुखाचे झाले नाही. आइनबेकचे दुकान गमावल्यावर झेर्ट्युर्नर १८२० मध्ये हामेल्न येथे गेले. मराठी वाचकांना हे गाव ठाऊक आहे ते उंदरांना भुलवून नेणाऱ्या बासरीवाल्यामुळे. तेथील नगर-औषधालय त्यांनी हाती घेतले, १८२१ मध्ये विवाह केला, सहा मुले झाली. संसार मार्गी लागला, पण विज्ञानाच्या जगाशी त्यांचे सूत जुळले नाही. रसायन व पदार्थविज्ञान यांची स्वतःची एक प्रणाली त्यांनी ग्रंथरूपाने मांडली. ती कोणी उचलून धरली नाही. ईथर कसे तयार होते यावर त्यांनी केलेले काम चांगले होते, तेही काहीसे दुर्लक्षित राहिले. बंदुका आणि गोळ्या सुधारण्याचा नादही त्यांना लागला होता. आणि १८३१ मध्ये, युरोपात पटकी थैमान घालत असताना, हा रोग स्वतःची वाढ करणाऱ्या एखाद्या विषारी सजीवामुळे होतो असे त्यांनी लिहिले. वाईट हवेला दोष देणाऱ्या त्या काळात ते म्हणणे हवेतच विरले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी निर्विवादपणे दाखवला तो १८८३-८४ मध्ये, इजिप्त आणि कलकत्ता येथे.

उतारवयात संधिवाताने त्यांना घेरले. सांधे दुखत, माणसे नकोशी वाटत. ते अधिकाधिक एकलकोंडे होत गेले. वेदना शमवण्यासाठी ते आपलेच मॉर्फिन घेत असत, असे चरित्रकार सांगतात. २० फेब्रुवारी १८४१ रोजी हामेल्न येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न. त्यांचा देह तेथे ठेवला नाही. ज्या आइनबेकने त्यांचे दुकान बंद पाडले होते त्याच गावी, बार्थोलोमेउस संताच्या लहानशा प्रार्थनामंदिरात, त्यांना पुरण्यात आले.